विसावकर साहेबांचा फोन

तात्या नोकरीत होते तेव्हा कारखान्याच्या भांडारातून त्यांच्या सहीशिवाय साधा नट बाहेर जात नसे. निवृत्तीबरोबर भांडार गेलं, पहारा मात्र गेला नाही. तो आता घराच्या फोन नंबरांवर बसला. फर्मान निघालं: दुकानात, दवाखान्यात, कुठंही कुणी आपला नंबर द्यायचा नाही. द्यायचाच झाला तर तात्यांचा द्यायचा. पुढचं ते बघून घेतील.

आणि ते खरंच बघून घेत. खरं नाव सांगायचंच नाही, प्रत्येक ठिकाणी तिथं शोभेल असं आडनाव पाडायचं, ही त्यांची युक्ती. चष्म्याच्या दुकानात ते काचकर, चपलांच्या दुकानात टाचकर, गाद्यांच्या दुकानात कापूसकर. मग कर्ज हवंय का म्हणून एखादी बाई गोड आवाजात "टाचकर सर?" म्हणाली, की चपलवाल्याने नंबर विकल्याचं तात्यांना तिथल्या तिथं कळे. "तुम्हाला हा नंबर दिला कुणी?" अशी गर्जना करून ते तिची अशी काही हजेरी घेत, की शेजारचे खिडक्या लावून घेत. जेवताना निकाल जाहीर होई, "आज टाचकर सापडले!" त्या दुकानाची पायरी मग घरादाराला बंद. अशी दुकानं इतकी झाली, की साध्या चपला घ्यायला सुनेला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे.

सुनेला ही आडनावं सुचत नसत. ती आपलं माहेरचं ठोकून मोकळी होई. मुलगा मात्र बापाच्या तालमीत तयार झाला होता. कपडे धुण्याचं यंत्र दुरुस्तीला टाकताना त्याने 'पिळेकर' सांगितलं, तेव्हा तात्यांचा ऊर अभिमानाने भरून आला होता.

एका दुपारी तात्या घरी एकटेच असताना फोन वाजला.

"विसावकर साहेब ना?" पलीकडून एका बाईने विचारलं.

तात्या सरसावून बसले. विसावकर? हे नाव तर त्यांनी कुठंच दिलं नव्हतं.

"कुठून बोलताय?"

"ज्येष्ठांच्या निवासातून, साहेब. वडिलांसाठी चौकशी करून गेलात ना परवा? पूर्वेकडची खोली रिकामी झालीय."

तात्यांनी तोंड उघडलं, पण ठरलेला प्रश्न बाहेर पडलाच नाही. नंबर कुणी दिला ते कळलं होतं. पोराने बापाचा हुकूम सवयीने तंतोतंत पाळला होता.

"वडिलांबद्दल काय म्हणालो होतो मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तब्येत ठणठणीत आहे म्हणालात. फक्त दिवसभर फोनवर लोकांशी भांडतात, घरात कुणाला उसंत नाही. त्याची काळजी नको हं. आमच्याकडे फोन ऑफिसातच असतो."

तात्यांना हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. फार लागलं त्यांना ते. ज्यांच्यासाठी एवढी राखण केली, त्यांनाच ती नकोशी झाली होती.

"खिडकी आहे का खोलीला?" त्यांनी विचारलं.

ती बराच वेळ सांगत राहिली. तात्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी "कळवतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जेवताना सुनेने नेहमीसारखं विचारलं, "आज कोण सापडलं, तात्या?"

मुलाचा घास हातातच राहिला. आपण कुणाचा नंबर देऊन आलो, हे त्याला बहुधा त्याच क्षणी आठवलं. तो ताटातून मान वर करेना.

"कोणी नाही," तात्या म्हणाले. "आज फोन वाजलाच नाही."

मुलाचा जीव भांड्यात पडला. तात्या नको म्हणत असताना त्याने आग्रहाने त्यांच्या ताटात भाजी वाढायला घेतली.

"उद्यापासून आपापले नंबर देत जा रे सगळे," तात्या म्हणाले. "आणि चपला इथल्याच दुकानातून आणा. मला आता विसावा हवाय."

मुलाच्या हातातला चमचा ताटावर तसाच थांबला.