पिद्योबाबाचा निळा दिवा

पिद्योबाबाच्या झोपडीबाहेर ही गर्दी! सडक्या माशावर माश्यासुद्धा एवढ्या बसत नाहीत. आत खिडक्यांना पोती लावून भरदुपारी अंधार केलेला. बाबा पायावर दिवा धरतो, पाय निळा चमकतो, आणि बायका भराभर छातीवर क्रूस काढतात.

"वारूळ तुडवलंस ना?" बाबा समोरच्या बाईवर खेकसला. "आत राहणारं भूत, तो बुटका म्हातारा, चिडलाय. पांढरा कोंबडा आण!"

रांगेत माझी आई. बंदरावर दिवसभर पाण्यात उभी राहून मासे साफ करते. बुरशीचं मलम चोळूनही पायाच्या बोटांच्या बेचक्या सडल्यात, सूज घोट्यावर चढलीय, तीन दिवस तापानं घरीच पडून होती, आजही अंग तापलेलंच. त्याआधी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांच्याकडेही त्वचा तपासायला असाच दिवा, पण त्यात काहीच दिसलं नाही.

"पाय धुतलेत का?" बाईंनी विचारलं.

"मग काय घाणेरडे दाखवू?" आई म्हणाली. दगडानं घासून नेले होते. आमच्यात डॉक्टरकडे जायचं तर चर्चला जाण्याएवढी तयारी.

"उद्या न धुता या."

आई गेलीच नाही. "तो दिवाच आंधळा," म्हणाली, आणि आली इथे.

मी बघत होते. दिव्याआधी बाबा प्रत्येकाला टबात पाय बुडवायला लावत होता. म्हणे मंतरलेलं पाणी! वास तर कपड्यांच्या साबणपावडरीचा. घरचे कपडे मीच धुते, मला कळणार नाही?

आईची पाळी आली तशी मी पुढे घुसले. शेजारणीच्या टोपलीतला बांगडा टबात बुचकळला आणि दिव्याखाली धरला. निळाशार!

"बाबा, यानं कुठलं वारूळ तुडवलं? पाय कुठायत याला?"

"कार्टे! शाळा सोडून पळालेली तू, मला शिकवतेस?"

"शाळा सोडली. अक्कल नाही सोडली."

रांगेतली बास्योनमावशी खदखदून हसली. तिनं बाबाचा हात धरून टबात दाबला. दिव्याखाली तोही चमकला.

"अगं बाई! म्हातारा तुमच्यावरपण चिडला की!"

बाबानं दिवा विझवला. मी आईला तशीच, टबात पाय न बुडवता, ओढत दवाखान्यात नेलं. बाईंच्या दिव्याखाली बेचक्या पोवळ्यासारख्या लाल दिसल्या.

"हे जंतू," बाई म्हणाल्या. "हा रंग धुतला की जातो, म्हणून मागे दिसला नाही. सोबत बुरशीही असणार, पण ती या दिव्यात चमकत नाही." मग चिकटपट्टी त्वचेवर दाबून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "हे बघ, बुरशीचे धागे. दोन्ही एकत्र आहेत, म्हणून नुसत्या बुरशीच्या मलमानं गुण येईना. भेगांतून जंतू आत शिरलेत, त्यानंच ही सूज आणि ताप. कोंबडा शोधत बसला असतात तर पाय गेला असता."

सुई नाही, चाकू नाही. गोळ्या घेऊन चौथ्या दिवशी ताप उतरला.

कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, ते त्या दिव्यात चमकतं. एवढाच तो चमत्कार! कुणी असलं काही दाखवलं तर आधी तेच माशावर करून बघा, मग त्या बाबावर. हात जोडायला घाई कसली? आणि पाय सडत असेल तर लाज सोडा, डॉक्टरकडे जा. न धुता.