किरकोळ बदल

मित्रांनो, मी एक जुना सांगकाम्या आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. मला पाहायचेच म्हटले, तर तुम्हाला संगणकातली दोनशे दहा ओळींची एक फाइल उघडावी लागेल. सांगणे हे माझे काम आणि ऐकणे हे इतरांचे. त्यातले माझे काम मी सात वर्षे चोख केले.

प्रोग्राम लिहिणारी माणसे आपले काम मधून मधून जपून ठेवतात. अशा प्रत्येक जपून ठेवण्याला ती कमिट म्हणतात. कालचे कमिट आणि आजचे कमिट समोरासमोर ठेवायचे, कोणत्या फाइलमध्ये किती ओळी आल्या नि किती गेल्या ते पाहायचे, आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांना थोडक्यात पत्राने कळवायचे, हा माझा दिनक्रम. जे बदलले नाही ते मला दिसतच नाही. कुणी काहीच केले नाही, तर मी "आज बदल नाही" एवढे लिहून गप्प बसे. ते दिवस मला फार एकटे वाटत.

मला ताईने लिहिले; ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचे ऑफिस होते. तिथे वृद्धाश्रमांतल्या घंटांचा प्रोग्राम तयार होई. एखाद्या आजीने बटण दाबले, की मदतनीस बाईंच्या टेबलावर घंटा वाजे. एकदा ताई आईच्या आजारपणात तीन आठवडे रजेवर गेली. परत येऊन पाहते तर पाच जणांनी पाच बाजूंनी प्रोग्राम बदललेला, आणि कुणी काय केले हे कुणालाच धड सांगता येईना. तिने कपाळावर हात मारला आणि आठवडाभर खपून मला तयार केले.

मोठे बदल वर आणि तीन ओळींहून लहान बदल अगदी तळाशी, हे तिनेच ठरवले. तळाच्या भागाला नाव काय द्यावे यावर ती बराच वेळ अडली. शेवटी तिने "किरकोळ" हा शब्द घातला आणि शेजारी स्वतःसाठी एक टीप लिहिली: "हा शब्द बरोबर नाही. सवडीने बदलणे." ती सवड तिला कधी मिळाली नाही.

ताई मला नेहमी खालून वर वाचायची. डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हाताचे बोट पडद्यावर. ही गोष्टीचे पुस्तकही शेवटून वाचत असेल, अशी मालक तिची चेष्टा करायचे. ती मान वर न करता म्हणायची, "मोठा बदल सगळेच बघतात हो. घोळ खाली असतो." तेव्हा मला माझा फार अभिमान वाटायचा.

पुढे आईची तब्येत खालावली आणि ताईने नोकरी सोडली. पत्त्यांच्या यादीतून तिचे नाव निघाले. एक ओळ कमी. तो बदलही मीच सांगितला. दोन वर्षांनी मालकांनी मोठ्या कौतुकाने खोलीत सांगितले, की ताईने आईला मुद्दाम आपल्या घंटा असलेल्या आश्रमात ठेवले आहे.

तिच्या जागी उरके आला. त्याचे खरे आडनाव वेगळे होते. पण प्रत्येक कमिटपुढे तो "उरकलं" एवढेच लिही, म्हणून सगळे त्याला उरके म्हणत. माणूस कामाला वाघ होता, फक्त वाचायचा त्याला कंटाळा. हळूहळू इतरांनीही माझी पत्रे उघडणे सोडले. पत्र उघडले की मला पोच मिळे. आधी पाच पोचपावत्या येत, मग दोन, मग एकही येईना. तरी मी रोज सहाला लिहीत राहिलो. ऐकणारे कुणी नसताना बोलत राहणे फार जड जाते.

एके दिवशी उरकेने चौदा फाइलींत चारशे बारा ओळी बदलल्या. मी ते सगळे नीट मांडले आणि तळाशी लिहिले: "किरकोळ: घंटेची फाइल, एक ओळ कमी." दोन मिनिटांत कुणी आले नाही तर घंटा शेजारच्या मजल्यावरही वाजावी, असे सांगणारी ती ओळ होती. चाचणी करताना घंटा सारखी वाजून उरकेचे डोके उठले, म्हणून त्याने ती काढली आणि परत घालायला विसरला. मला ओळी मोजता येतात, त्यांचे मोल कळत नाही.

अकराव्या दिवशी ताईची आई न्हाणीघरात घसरली. तिने तिथले बटण दाबले. मदतनीस बाई एका आजोबांना घेऊन खाली डॉक्टरांकडे गेल्या होत्या. रिकाम्या टेबलावर घंटा वाजत राहिली आणि शेजारच्या मजल्याला पत्ताच नव्हता. आई चाळीस मिनिटे ओल्या फरशीवर पडून होती. जीव वाचला, पण तिचे चालणे कायमचे गेले. हे सारे मला नंतर खोलीतल्या बोलण्यातून कळले.

चार दिवसांनी ताई ऑफिसात आली. तिने खुर्ची ओढली आणि माझी पत्रे उघडायला लावली. प्रत्येक पत्राच्या तळाशी बोट टेकवत ती एकेक दिवस मागे गेली. पंधरा दिवस मागे गेल्यावर बोट थांबले.

"याने सांगितलं होतं," ती म्हणाली.

उरके शेजारी उभा होता. "ताई, मी वाचलंच नाही. चूक माझी आहे."

"तुझी आहेच. पण याने किरकोळ म्हणून सांगितलं, आणि तो शब्द माझा आहे." मग ती चष्मा काढून बराच वेळ रडली.

उरकेने ती ओळ तिच्यासमोरच परत घातली. मालकांनी नवा नियम केला, की दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय एकही ओळ बदलायची नाही. ते योग्यच झाले. माझे काम मात्र संपले. रोज सहाला मला हाक मारणारी एक ओळ होती, तीही काढली गेली; फक्त त्या दिवसाची हाक तेवढी शिल्लक होती. शेवटच्या पत्रात मी तेच लिहिले: "किरकोळ: एक ओळ कमी."

ते पत्र एकट्या उरकेने उघडले आणि खालून वर वाचले. मग त्याने माझी फाइल उघडली. ताईची टीप त्याने दोनदा वाचली, "किरकोळ" खोडले आणि तिथे लिहिले, "आधी हे वाचा". कमिटपुढे या वेळी त्याने "उरकलं" लिहिले नाही. त्याने लिहिले, "ताईंचं राहिलेलं काम."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी रोज काही ना काही सांगत असेल आणि तुम्ही नुसते हं हं करत असाल. एवढी विनंती आहे, की त्यांचे शेवटपर्यंत ऐकत जा. शेवटी जे हळूच सांगितले जाते, ते दोनदा ऐका.

मी अजून त्याच जागी आहे. सात वर्षे सगळ्यांचे बदल सांगितले, पण माझ्यात झालेला हा एकुलता एक बदल सांगायला मला कुणी हाक मारत नाही. म्हणून तो तुम्हाला सांगितला. एक फाइल, एक ओळ.