नाव न आठवलेलं पुस्तक

निवेदकाला पाहुण्यांना बोलतं करायची हातोटी होती, आणि त्यांच्या बोलण्यातला केरकचरा काढायचं काम तिचं होतं. पॉडकास्टचा प्रत्येक भाग तिच्या घरी, दारालगतच्या खोलीत यायचा. खोकले, पाण्याचे घोट, टेबलावर वाजवलेली बोटं, सगळं ती हेडफोन चढवून इतकं बेमालूम पुसायची की हा पाहुणा जन्मात कधी खोकलाच नसेल असं वाटावं. शिवाय गप्पांच्या ओघात कुणी एखाद्या पुस्तकाचं बोललं, की ते हुडकून त्याचं नाव भागाखाली द्यायचं. ऐकणारे त्या नावांची चातकासारखी वाट बघायचे.

सुरुवात दंतवैद्याने केली. दाढांवरून गाडी पुस्तकांवर कशी घसरली कोण जाणे, पण तो म्हणाला, "मध्ये एक वाचलं, नाव काही आठवत नाही. एक मुलगा घरात न सांगता निघून जातो. डावी चप्पल फरफटत चालायची खोड असते त्याला." बोलता बोलता तो टेबल वाजवत होता. तिने ती ठकठक पुसली आणि मग बोलणं ऐकताना तिचा हात थांबला.

तिचा धाकटा भाऊ तसाच चालायचा आणि तसाच, न सांगता, गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली. आई अजूनही जिन्यात चाहूल लागली की आतल्या खोलीतून विचारायची, "कोण आलं गं?" आणि ती म्हणायची, "कुणी नाही, वरचे आहेत."

पुस्तकाचं नाव विचारायला तिने दंतवैद्याला फोन केला.

"पुस्तक? मी?" तो हसला. "अहो, मी शेवटचं पुस्तक परीक्षेसाठी वाचलं."

पुढच्या भागात पोहण्याचा प्रशिक्षक आला. त्याने वाचलेल्या पुस्तकातला मुलगा परक्या गावात बेकरीच्या भट्टीपाशी काम करत होता. घरचा नंबर पाठ होता, पण लावायचा धीर होत नव्हता. नाव? "अगदी जिभेवर आहे बघा." नंतरचा पाहुणा पूल बांधणारा निवृत्त इंजिनिअर. तो सगळा वेळ हाताची घडी घालून बसणारा गृहस्थ, असं निवेदकानेच तिला सांगितलं होतं; पण पुस्तकाचा विषय निघाला आणि टेबल वाजलं. "आता तो परत निघालाय," इंजिनिअर म्हणाला, जणू खिडकीतून त्याला येताना बघत होता. ग्रंथपालांना विचारून झालं, जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून झाली. असं पुस्तक कुणाला ठाऊक नव्हतं.

"यापुढे प्रत्येकाला पुस्तकांचं विचार," तिने निवेदकाला सांगितलं.

"विचारतोच की. परवा त्या माळ्यालाही विचारायला लावलंस. झालंय काय तुला?"

"माझ्यासाठी विचार. एवढं कर."

"बरं बाई. पण सापडलं की आधी मला दे."

भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर ती मनातून हरखली होती. आईला मात्र तिने ताकास तूर लागू दिली नाही. ही आशा खोटी ठरली असती, तर आईने अंथरूण धरलं असतं.

भूगोलाच्या शिक्षिकेचा भाग तिने एका दुपारी साफ करायला घेतला. आई गोळी घेऊन झोपली होती. कामाची रीत ठरलेली होती: पहिल्या फेरीत अर्थाकडे लक्ष न देता नुसता आवाज साफ करायचा, दुसऱ्या फेरीत बोलणं ऐकायचं. त्या दिवशी टेबलावरची ठकठक भलतीच चिवट निघाली. एका ठिकाणी पुसावी तर जरा पुढे पुन्हा, आधीपेक्षा जोरात. तिने दातओठ खाऊन सगळी साफ केली. अखेर ती थांबली.

मग ती दुसऱ्या फेरीला बसली.

"शेवटाशी आलेय मी," शिक्षिका सांगत होती. "तो पोहोचतो घरी. घंटी असून दार हातानेच वाजवतो, लहानपणची सवय. आणि बहीण दाराच्या आतच बसलेली असते हो, कान झाकून. तिला वाटतं, कुणीतरी टेबल वाजवतंय. ती पुसत राहते."

हेडफोन भिरकावून ती दाराकडे धावली. कडी निघता निघेना. बाहेर कुणी नव्हतं. कुणी गेलं-आलं की आपोआप लागणारा जिन्यातला दिवा मात्र लागलेला होता. तिने भावाला घरच्या नावाने हाक मारली, "बाळ्या!" कठड्यावरून वाकून पुन्हा मारली. दिवा विझला.

ती परत आत आली. पुढे काय झालं ते आता एकाच ठिकाणी कळणार होतं. तिने हेडफोन चढवले.

"मग?" निवेदक विचारत होता.

"छे, शेवट नाही सांगायचा," शिक्षिका हसली. "ऐकणाऱ्यांनी वाचायला नको का?"

दोघं उठली, खुर्च्या सरकल्या. बोलण्यातल्या फटी बुजवायला लागते म्हणून निवेदक दर वेळी शेवटी रिकाम्या खोलीची थोडी शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवायचा. ती शांतता सुरू झाली. तिच्यात पावलं होती. जिना उतरणारी, सावकाश. एक चप्पल उचललेली, एक फरफटत. पावलं खाली खाली गेली, आणि फाटक कुरकुरलं.

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. आतल्या खोलीत पलंग करकरला.

"कोण गेलं गं?" आईने विचारलं.