बॉबिनचं झबलं

बॉबिन म्हणजे आमच्या शिवणाच्या दुकानातली मांजर. निजली की अगदी गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी गोल होते, म्हणून सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. तिच्यापायी मी लोकरी कपड्यांतल्या डांबरगोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडल्या, डाग काढायचं औषध वरच्या फळीवर चढवलं आणि उंदरांचं विष घेऊन आलेल्या नवऱ्याला विषासकट दारातूनच परत पाठवलं. "माझी कधी इतकी काळजी केलीस का?" असं तो कुरकुरला. मी भीक घातली नाही.

एवढं डोळ्यांत तेल घालून जपलं आणि घात केला तो आमच्याच धंद्यातल्या वस्तूनं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, या वयातही रोज दुकानात येतात. मशीन माझं, हातशिलाई त्यांची: काजं, बटणं, तुरपाई. दृष्टी अधू झालीय हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यांनाही. दोरा मेणावरून ओढायचा, टोक ओठांत धरून ओलं करायचं आणि नेढ्याच्या शेजारून पुन्हा पुन्हा न्यायचं. त्या वेळी मी आणि नवरा, दोघं खिडकीबाहेर बघत बसतो. मी एकदा "द्या इकडे" म्हटलं, तर कितीतरी दिवस अबोला धरला होता.

त्या दुपारी ते टेबलाखाली शिरून चाचपडत होते.

"काय हरवलं, बाबा?"

"काही नाही. पाठ मोकळी करतोय."

टेबलाखाली पाठ मोकळी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी हसले आणि माप घ्यायला लागले.

संध्याकाळी बॉबिन लाळ गाळत, मान वाकडी करत त्यांच्या पायाशी आली. दुधाला तोंड लावेना. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, तर तोंडाच्या कडेनं निळा दोरा लोंबत होता. लोंबता दोरा दिसला की बाबांचा हात आपोआप तिकडे जातो. रस्त्यात अनोळखी माणसाच्या बाहीवरचेही त्यांनी ओढलेत. चिमूट दोऱ्यावर बसलीसुद्धा.

"ओढू नका!" मी एवढ्यानं ओरडले की नवऱ्याच्या हातातली इस्त्री आपटली. "दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात, तुम्हीच शिकवलंत ना? आत कापड नाही, आतडी आहेत तिची!"

बाबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. नवऱ्यानं फोन लावला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओढू नका, कापूही नका, आहे तशी घेऊन या.

दवाखान्यात टेबलावर बॉबिनचं तोंड उघडून बघत त्यांनी विचारलं, "नुसता दोरा आहे, की सुईसुद्धा?"

माहीत नाही, असं मी सांगणार होते.

"सुई होती," बाबा म्हणाले. "मेण लावलेला दोरा माझाच आहे. दुपारपासून शोधतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला सांगितलं असतं, तर तू सुयाच काढून घेतल्या असत्यास."

मला रागच आला. चांगलं झापावं असं तोंडावर आलं होतं. पण त्यांची बोटं बॉबिनच्या कानामागे खाजवत होती, आणि बाबांची मला फार माया वाटली.

एक्स-रेच्या फोटोत सुई दिसली. ऑपरेशन होईपर्यंत आम्हा तिघांचे जीव टांगणीला लागले होते. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वाचली. ओढला असतात तर आतडं चिरलं गेलं असतं."

बॉबिन घरी आली त्या दिवशी बाबांनी सुयांची डबी माझ्यापुढे ठेवली. "कानाला खडा," म्हणाले. मग दुकानात नुसते बसून राहू लागले, हात मांडीवर ठेवून. ते रिकामे हात मला बघवत नव्हते. सुया काढून घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही, त्यांनी आपणच दिल्या, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटत होतं.

इकडे बॉबिन गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं काढून टाके चाटायला लागली. अंगभर कापड घाला, असं बाईंनी फोनवर सांगितलं. मी एक उशीचा अभ्रा घेऊन अंदाजानं कातरायला बसले. बाबा बराच वेळ सोसत होते.

"गळा केवढा ठेवलायस! उंट आहे का ती?"

"मग तुम्ही सांगा."

त्यांनी टेप घेतली. पुटपुटत, चुचकारत माप घेतलं. स्वतःचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा आणला आणि बेतला. बटणं नकोत, चावेल; पाठीवर नाड्या.

"मशीनवर घेते," मी म्हणाले.

"शिवण टोचेल तिला. हातानंच हवी." आणि थांबले.

मी डबी उघडून पुढे सरकवली. त्यांनी सुई घेतली, दोरा मेणावरून ओढला, टोक ओठांपर्यंत नेलं. मी सवयीनं खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाहेर काय बघतेस?" बाबा म्हणाले. सुई आणि दोरा त्यांनी माझ्यापुढे धरला होता. "ओवून दे."

मी ओवून दिली. डोळे भरले होते, तरी ओवली. झबलं शिवून झाल्यावर त्यांनी सुई आणि उरलेला दोरा माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ आपल्या हातानं मिटली आणि म्हणाले, "उद्या बटणं लावायची आहेत. ओवायला इथंच बस."