धूरबाबांचं निवळलेलं पाणी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या टेबलापाशी एक जाडजूड ट्रकड्रायव्हर उभा होता. बाबांच्या सुरईतून ग्लासात ओतलेल्या स्वच्छ पाण्यात नळी, नळीचं दुसरं टोक त्याच्या तोंडात. तो फुंकू लागला आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"अगं बाई!" गर्दीत कुणीतरी किंचाळलं.

"बघा! छातीतला धूर बाहेर पडतोय!" धूरबाबा गरजले. "थांबू नकोस लेका, साठलेलं सगळं ओक!"

ड्रायव्हर लालबुंद होईस्तोवर फुंकत राहिला. हळूहळू पाणी पुन्हा निवळलं. टाळ्यांनी छत दणाणलं.

"झालास शुद्ध! आता गोळी नको, डॉक्टर नको." मग बाबांनी आवाज खाली आणला, अगदी मायेनं. "पण यापुढे एक जरी सिगारेट ओढलीस, तरी तोच धूर रक्त होऊन बाहेर येईल हो."

मागे उभ्या असलेल्या बाई हे ऐकून पुढे सरकल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. सकाळीच त्या भावाकडे गेल्या होत्या. दादा गॅरेजात गाड्या रंगवायचा, आणि उमेदीची सगळी वर्षं त्यानं सिगारेट ओढली होती. मोरीत त्यानं घाईघाईनं पिळलेल्या टॉवेलावर त्यांना लाल डाग दिसला.

"दादा, हे काय?"

"ओरडू नकोस. तुझ्या वहिनीला कळेल." तो भिंतीला टेकला. "बाबांकडे शुद्ध झालो होतो गं. मग एकदा राहवलं नाही, ओढली. आता भोगतोय."

"दवाखान्यात चल, आत्ता!"

"शिक्षेवर औषध असतं होय?"

धडधाकट, कुणाचं ऐकून न घेणारा दादा असा खाली मान घालून बोलला, याचीच बाईंना जास्त भीती वाटली. खूप विनवल्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबांसमोर हे खोटं ठरवून दाखव, मग येतो." आता तो सभागृहात खांबाआड बसला होता.

बाई थेट व्यासपीठावर चढल्या. "मीही फुंकते."

"ये पोरी, ये."

सुरईतून नव्यानं भरलेल्या ग्लासात त्यांनी फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"मी जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही, बाबा."

बाबा मंद हसले. "घरातल्या कुणाचा तरी धूर तुझ्या छातीत बसलाय." सगळ्या माना डोलल्या.

बाईंनी पिशवीतून सोड्याची सीलबंद बाटली काढली. "मग हिलाही शुद्ध करा." एका सेवकानं बाबांची सुरई उचलायला झेप घेतली, पण ड्रायव्हरनं त्याचं मनगट धरलं. "घेऊ दे की त्यांना. घाबरतोस कशाला?"

सुरईतलं पाणी ग्लासात ओतून बाईंनी त्यात थोडा सोडा घातला. पाणी पांढरंफटक! आणखी सोडा घालत गेल्या, तसं ते निवळलं.

"ही बाटली दिवसाला किती पाकिटं ओढते, बाबा?"

हशा पिकला.

"या सुरईत चुन्याची निवळी आहे," बाई म्हणाल्या. "भिंतीला लावायचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. तान्ह्या पोराच्या श्वासातही कार्बन डायऑक्साइड असतो, तोच सोड्यातही. तो मिसळला की पांढरी भुकटी तयार होते, आणखी मिसळला की ती विरघळते. यात धूरही नाही आणि पापही नाही."

बाबांचा चेहरा कठोर झाला. "विचारा हिच्या भावाला, रक्त का ओकतोय ते!"

हशा जागच्या जागी विरला. रक्ताबद्दल बाई कुणाजवळ चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"मीच सांगितलं होतं त्यांना," खांबाआडून दादा उठला. "आपल्या घरचं सगळं ठाऊक आहे त्यांना. पाया पडून विचारलं होतं, डॉक्टरकडे जाऊ का? म्हणाले, गेलास तर मरशील."

पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. "माझ्या नवऱ्यालाही हेच सांगितलं. तो गेला." मागून एक म्हातारा म्हणाला, "मलाही पडतंय रक्त." त्याच्या शेजारच्या माणसानं नुसताच हात वर केला. गर्दी व्यासपीठाकडे सरकू लागली, तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दादाच्या छातीचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरला. "फुप्फुसात गाठ आहे. ऑपरेशन करता येईल असं वाटतं. आधी आला असतात तर मी खात्रीनं बोलले असते."

"आणि सिगारेट?" दादानं खालच्या मानेनं विचारलं. "परवासुद्धा ओढली मी."

"मग आजपासून पुन्हा सोडायची. बहुतेकांना बऱ्याचदा सोडावी लागते. तलफ आली की जरा कळ काढा, ओसरते ती. निकोटिनच्या गोळ्या देते, घरच्यांना सांगून ठेवा, आणि चुकलात तर लपवू नका, इकडे या."

बाईंनी त्या वर्षापासून पहिल्याच तासाला वर्गात चुन्याच्या निवळीचा प्रयोग घ्यायला सुरुवात केली. मुलं फुंकायची, पाणी पांढरं व्हायचं, वर्ग खिदळायचा. बाई मात्र हसत नसत. "घरी जाऊन सगळ्यांना करून दाखवा," त्या सांगत. "आणि घरात कुणाला रक्त पडत असेल, तर त्यानं काय पाप केलं ते विचारत बसू नका. त्याला दवाखान्यात न्या."