मजल्यामजल्यांचा नकाशा

मी नकाशा बोलतोय. गावाचा नाही, शेताचाही नाही. डोळ्यांच्या एका हॉस्पिटलच्या वेबसाइटचा. कुठल्या पानाखाली कुठलं पान ठेवायचं, हे ठरवायला मला भिंतीवर लावलं होतं. माझं शिक्षण अंगावर लिहिलं गेलं तेवढंच. पण त्याचा मला फार तोरा होता. आज सांगतोय ती लाजेची गोष्ट आहे. म्हणून थोडक्यात सांगतो.

माझा जन्म पाटीमास्तरांच्या टेबलावर झाला. ते शाळेतले मास्तर नव्हेत. हॉस्पिटलातल्या सगळ्या पाट्या त्यांनी केलेल्या, म्हणून हे नाव पडलं. 'तपासणी डावीकडे', 'लिफ्ट मागे', 'रांग इथून'. वीस वर्षांत त्यांच्या बाणामागे गेलेला माणूस चुकला नव्हता. त्यामुळे वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, शेवटी वाटच दाखवायची ना? तुम्हीच आखा. आपली इमारत आहे तशीच करून टाका."

मास्तरांनी जाड कागदाचे चार ताव जोडले आणि मला उभा केला. चार आडव्या रेघा, चार मजले. खाली नोंदणी, औषधं, चष्मे. पहिल्या मजल्यावर तपासणी, दुसऱ्यावर ऑपरेशन, तिसऱ्यावर वॉर्ड. एका पानाला एक चिठ्ठी, एका चिठ्ठीला एक टाचणी. रेघा अशा की गवंड्यानं दोरी धरून आखल्यासारख्या.

मग सगळ्या खात्यांचे लोक आपापली चिठ्ठी वर चढवायला आले. चष्मेवाला म्हणाला, "मास्तर, आमचं जरा वर घ्या की. लोकांना दिसलं पाहिजे."

"तू तळमजल्यावर बसतोस," मास्तर म्हणाले. "वर कसा जाशील? लिफ्ट बंद आहे."

सगळे हसले. मीही फुगलो. शिस्त म्हणजे शिस्त.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर एक चिठ्ठी घेऊन आल्या. 'ऑपरेशननंतर डोळा दुखला, लाल झाला, अंधुक दिसू लागलं तर काय करायचं.' खाली चोवीस तास चालणारा फोन नंबर. त्या म्हणाल्या, "हे पहिल्या पानावर, अगदी दारात लावा."

"सिस्टर, हा कागद पेशंटला देता कुठं?"

"तिसऱ्या मजल्यावर. घरी सोडताना."

"मग तो तिसऱ्या मजल्यावरच राहणार. आज तुमचा दारात लावला, तर उद्या सगळ्यांचे लावावे लागतील."

"अहो, घरी गेलेला माणूस परत तिसऱ्या मजल्यावर कशाला शोधायला येईल?"

मास्तरांनी टाचणी टोचली. तिसरा मजला, वॉर्ड, घरी जाताना, पत्रकं, त्यातलं सहावं. सिस्टर वॉर्डात परत गेल्या. चिठ्ठी अगदी बरोबर रांगेत बसली, एवढंच माझ्या मनात आलं. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

वेबसाइट सुरू झाली. डॉक्टर, क्लार्क, औषधवाले, सगळ्यांनी बघितली. "डोळे मिटून सापडतंय," म्हणाले. सापडणारच. इमारत त्यांना पाठ होती. महिनाभर लोक माझ्यापुढे उभे राहून बोटं फिरवत होते, पण त्यांत बाहेरचा एकही नव्हता. मला ते दिसत होतं. मी त्याचा विचार केला नाही.

मग एके दिवशी एक बाई आली. शिवणकाम करणारी. बोटाला सुईची भोकं. तिच्या आईचं आमच्याकडे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती भांडायला आली नव्हती. मास्तरांसमोर मोबाइल ठेवून म्हणाली, "मला फक्त एवढं दाखवा, की डॉक्टर म्हणतात ते लाल डोळ्याचं पान कुठं होतं."

"तुम्ही काय काय दाबलंत?" मास्तरांनी विचारलं.

"रविवार होता. घरी सोडतानाचा कागद बसमध्ये राहिला होता. नोंदणीचा फोन कुणी उचलेना. आईचा डोळा लाल झाला, ठणकायला लागला. मी तुमचं हे उघडलं. ते मजला विचारत होतं. मी आमच्या स्वयंपाकघरात उभी. मी काय सांगू?"

"मग?"

"पहिल्या मजल्यावर 'डोळ्यांची काळजी' दिसलं. त्यात लिहिलं होतं, थोडी चुरचुर होते, आपोआप थांबते. मी आईला म्हटलं, थांबेल, उद्या जाऊ." तिनं मोबाइल उलटा ठेवला. "ते तपासणीच्या थेंबांबद्दल होतं म्हणे. मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आदल्या दिवशी आणलं असतं तर डोळा कदाचित वाचला असता, हेही त्यांनीच सांगितलं."

मास्तर उठले. माझ्यावर बोट ठेवून वाट दाखवू लागले. तिसरा मजला, वॉर्ड, घरी जाताना, पत्रकं. सहाव्या चिठ्ठीवर बोट थांबलं.

"इतक्या आत," बाई म्हणाली. एवढंच.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले.

अर्धी माझी होती. मला बोलता आलं नाही.

ती गेल्यावर मास्तरांनी माझ्या सगळ्या टाचण्या काढल्या. पुढचे आठ दिवस ते बाहेर, बाकांवर बसलेल्या लोकांत जाऊन बसले. एकच विचारायचे, "घरी गेल्यावर तुम्हाला आम्हाला काय विचारावंसं वाटतं?" मग मला उलटा केला आणि माझ्या पाठीवर नवा नकाशा मांडला. मजले गेले. लोकांचे प्रश्न आले. 'डोळा दुखतोय, लाल झालाय?' हा सगळ्यांत वर, शेजारी फोन नंबर. त्यासाठी मास्तर स्वतः सिस्टरना बोलवायला गेले. पाट्या लावणाऱ्या माणसाला तिसरा मजला त्या दिवशी फार उंच वाटला असेल.

ती शिवणकामवाली आईला दुसरा डोळा दाखवायला घेऊन आली. मास्तरांनी म्हातारीला खुर्ची दिली, हातात मोबाइल दिला. मला दिसत नव्हतं, माझं तोंड भिंतीला होतं. ऐकू येत होतं.

"मावशी, डोळा दुखायला लागला, तर यात कुठं दाबाल?"

"हे काय, पहिलंच तर आहे."

"हो."

"आधीपासून इथंच होतं?"

"नाही. आधी मी ते आत ठेवलं होतं."

"आत कशाला?"

म्हातारीनं खरंच विचारलं होतं, टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

माझं मागणं एकच आहे. या कामाला नवा माणूस आला, की मला भिंतीवरून काढा आणि माझी जुनी बाजू त्याला दाखवा. रेघा किती सरळ आहेत ते बघू द्या. मग म्हणा, तुझी आई घरी आहे, डोळा लाल झालाय, शोध. त्याला घाम फुटेपर्यंत शोधू द्या. मला लाज वाटेल. वाटू दे. नंतर पुन्हा तोंड भिंतीकडे करून लावा. मला तीच जागा बरी.