अप्रस्तुत बाबी

अहवालाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द होता आणि तो काढायला लावल्याखेरीज चाचणी केंद्राच्या त्या खोलीतून उठायचे नाही, असे मी ठरवले होते. ‘मुलीची नजर प्रसंगातील अप्रस्तुत बाबींवर खिळून राहते.’ हे वाक्य आठ दिवसांनी शाळेच्या टेबलावर जाणार होते, आणि मुंगीला नेहमीच्या वर्गात बसवायचे की मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात, ते त्यावरून ठरणार होते. मुंगी म्हणजे आमची सात वर्षांची मुलगी. चालताना भिंतीची कड सोडत नाही, म्हणून तिच्या आईने ठेवलेले नाव.

“अप्रस्तुत म्हणजे काय?” मी विचारले.

चाचणी घेणाऱ्या बाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. “म्हणजे प्रसंग कळायला ज्याचा उपयोग नाही, ते.”

“उपयोग कोणाला नाही? तुम्हाला, की तिला?”

“अहो,” बायको दबक्या आवाजात म्हणाली, “आपण इथे मुद्रितं तपासायला नाही आलो.”

“चुकीचा शब्द एकदा छापला की छापला. एकोणीस वर्षं तेच निस्तरतोय मी.”

“हो, आणि घरात किराण्याची यादीसुद्धा तपासून मिळते,” ती बाईंना म्हणाली. बाई हसल्या. मला हसू आले नाही.

माझा राग त्या एका शब्दापुरता नव्हता. लहानपणी मी वडिलांसमोर मान वर करून पाहिले की उर्मट ठरत असे. ‘डोळे खाली कर’ हा आमच्या घरातला पहिला धडा. माझ्या मुलीने डोळे खाली ठेवले, तर तो आजार! शेजारीण म्हणे, नजर देत नाही. वर्गातल्या बाई म्हणत, नजर चुकवते, जणू काही चोरूनच आली आहे. ज्या सरांकडे दोन वर्षे आम्ही तिला सरावाला नेत होतो, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, ‘चेहऱ्याकडे बघायला लागली की निम्मं काम झालं.’ आणि इतके करून शेवटी हाती काय, तर अप्रस्तुत!

“बाबा, एक मिनिट,” बाई म्हणाल्या. तिथे सगळेच मला बाबा म्हणत. “मी दाखवतेच तुम्हाला.”

त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. मुंगीला सकाळी दाखवलेली तीन मिनिटांची चित्रफीत पुन्हा सुरू झाली. पडद्याखालच्या यंत्राने तिची बुबुळे टिपली होती. ती जिथे पाहत होती तिथे आता एक लाल ठिपका फिरत होता. प्रसंग साधा होता. दोन मुले ठोकळ्यांचा मनोरा रचतात. एक माणूस आत येतो. मनोरा पडतो, धाकटा रडू लागतो, माणूस त्याची समजूत काढतो.

“हे बघा, मोठा मुलगा हसतोय. बहुतेक मुलं इथे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. ही ठोकळ्यांकडे बघतेय. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अशी पुष्कळ मुलं वस्तूंकडे बघतात. आता माणूस आला.”

माणूस आला आणि ठिपका ठोकळ्यांवरून उडाला. तो त्याच्या चेहऱ्यावर गेला नाही. त्याच्या उजव्या हातावर जाऊन बसला. हात खिशात गेला तर ठिपका खिशावर. हात टेबलावर आला तर ठिपका टेबलावर. मनोरा कोसळला, मूल ओरडले, पण ठिपका जागचा हलला नाही. मग माणसाने रडणाऱ्या मुलाचा गाल पुसायला हात उचलला, तेव्हा ठिपका थरथरत त्या हाताबरोबर वर चढला आणि एकदम नाहीसा झाला.

“इथे तिने डोळे मिटले,” बाई म्हणाल्या. “वस्तू नाही, भिंत नाही. हात. तोही फक्त मोठ्या माणसाचा. मला याचा अर्थ लागला नाही, म्हणून मी तो शब्द घातला.”

“अर्थ लागला नाही म्हणून अप्रस्तुत? तिला विचारलंत?”

“नाही,” बाई म्हणाल्या. मग खुर्ची सोडून त्या, खाली गालिच्यावर बसलेल्या मुंगीपासून चार हातांवर जमिनीवर बसल्या. “मुंगी, त्या काकांकडे तू काय बघत होतीस?”

मुंगी गालिच्याच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. ते न थांबवता ती म्हणाली, “हात येतो.”

“कुठे येतो?”

तिने दुसऱ्या हाताचा तळवा उचलून हनुवटी झाकली.

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिले नाही. सरांनी शिकवले होते: अंगठा आणि तर्जनी, हनुवटीखाली, चेहरा वर, आणि ‘माझ्याकडे बघ’. त्यांच्याकडे तास आठवड्यातून एकदाच होई. उरलेले दिवस माझे. मी ते नेमाने केले. तारीखवार वही ठेवली. सर ती वही इतर पालकांना दाखवत असत आणि मला त्याचा अभिमान वाटे. प्रसंगातली एकमेव प्रस्तुत गोष्ट ती मुलगी डोळ्यांत तेल घालून बघत होती, आणि तिला तिथे बघायला लावणारा मीच होतो. त्या क्षणी सर समोर असते तर मी त्यांची गचांडी धरली असती. स्वतःची कशी धरतात, ते मला ठाऊक नाही.

“शब्द काढते मी,” बाई उठत म्हणाल्या.

“नुसता काढू नका. त्या जागी लिहा. मुलीला दोन वर्षं हनुवटी धरून बघायला लावलंय. धरणारे वडील.”

“एका चित्रफितीवरून मी इतकं ठाम नाही म्हणू शकत.”

“तुम्ही म्हणू नका. वडिलांचं निवेदन म्हणून घाला, खाली सही करतो.”

“आणि शाळेने ते वाचून जागाच नाही दिली तर?” बायकोचा आवाज चढला. “तुमचं मन मोकळं होईल, पण मागच्या इमारतीत ती बसेल! तुमचा हा खरेपणा तिने का भोगायचा?”

“आणि कागद असाच गेला तर? चांगल्या वर्गातली चांगली बाई पहिल्याच दिवशी तिची हनुवटी धरेल. माझ्यापेक्षा प्रेमाने धरेल. ती जागा घेऊन करायचं काय?”

माझा आवाज खोलीला मोठा झाला होता. मुंगीने दोन्ही कान झाकले आणि ती भिंतीकडे सरकली. बायको तिच्याजवळ जाऊन बसली. तिला हात मात्र लावला नाही.

“लिहा,” अखेर बायको म्हणाली.

बाईंनी कागद पुढे ओढला. “दिवसातून साधारण किती वेळा?”

“वीस,” मी म्हणालो.

“सुट्टीच्या दिवशीही?”

मी डोळे खाली केले.

“सुट्टीच्या दिवशी तीस,” बायको म्हणाली. “आणि तेव्हा तिचे हात मी धरायचे. तेही घाला.”

बाई लिहू लागल्या.